अर्धवट राहिलेलं ऑनलाइन काम: खानदेशातल्या धडपड्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळात महिन्यातून दोन रविवारी आम्ही सात-आठ जण जमतो. कोणी केळीचे वेफर्स ऑनलाइन विकतं, कोणी स्पर्धा परीक्षांचं चॅनल चालवतं, एक ताई ब्लाउजचे पॅटर्न विकतात. नवीन येणारा प्रत्येक जण साधारण तेच प्रश्न घेऊन येतो, म्हणून ते एकदाचे इथे लिहून ठेवले. उत्तरं माझी आहेत. माझे चार ऑनलाइन उद्योग अर्ध्यावर मेले: सामान्य ज्ञानाचा ब्लॉग, टी-शर्टचं दुकान, केळी लागवडीचं चॅनल आणि एक ई-बुक, ज्याचं फक्त मुखपृष्ठ तयार झालं. पाचवा टिकला. आई आणि वहिनी उन्हाळ्यात बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, उडदाचे पापड करतात, ते मी पुण्या-मुंबईला पाठवतो. चार वर्षं झाली.

सुरुवातीला रात्रीची झोप उडेल इतका हुरूप असतो. वीस दिवसांत तो जातो कुठे?

हुरूप कुठे जात नाही, नवं काम संपतं. पहिल्या वीस दिवसांत नाव ठरवायचं असतं, लोगो करायचा असतो, पानाचा रंग निवडायचा असतो. सकाळी हातात घेतलं की संध्याकाळी दिसतं आणि चार मित्र अंगठा दाखवतात. एकविसाव्या दिवशी उरतं ते वजन, दर, फोटो, पत्ते, आणि उत्तर न देणाऱ्या माणसाला पुन्हा एकदा मेसेज.

पेरणी आणि निंदणी यांच्यात जो फरक आहे, तोच हा. पेरणीच्या दिवशी घरात नारळ फुटतो. निंदणीला कोणी नारळ फोडत नाही, आणि तरी निंदणी होते. ‘निंदणीसाठी हुरूप कसा टिकवू?’ असं विचारणारा शेतकरी मी अजून पाहिला नाही. गवत डोळ्यांदेखत वाढतं, बाया सकाळी बांधावर येऊन उभ्या राहतात, त्यांची मजुरी द्यायची असते. रावेर-यावलकडे केळीची कापणी ठरली की पहाटे ट्रक शेताच्या कडेला लागतो. त्या दिवशी मालकाचं मन लागतं की नाही, हा प्रश्नच निघत नाही.

ऑनलाइन कामाच्या बांधावर कोणी उभं नसतं. ट्रक लागत नाही. आज पान पुरं केलं नाही तर उद्या कोणाचं काही अडत नाही, मग परवाही नाही. चार उद्योग बुडवल्यावर मला एवढंच कळलं की माझ्यात जिद्द कमी नव्हती, माझी वाट बघणारं कोणी नव्हतं.

मग वाट बघणारा माणूस आणायचा कुठून?

माझी गोष्ट सांगतो. पहिल्या वर्षी माझी वेबसाइट चार महिने ‘लवकरच येत आहे’ या पाटीवर अडली होती. बिबड्याचा फोटो उन्हात चांगला येतो की सावलीत, यावर मी तीन रविवार घालवले. मग चैत्रात पुण्याच्या मावसबहिणीचा फोन आला. ‘दादा, आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) दोन किलो बिबडे आणि किलोभर कुरडया पाठवशील का? पैसे आत्ताच टाकते.’ मी हो म्हणायच्या आत ९०० रुपये आलेसुद्धा.

आता मात्र पळापळ. खोका कुठला घ्यायचा, कुरियरवाला किलोला किती घेतो, कुरडई मोडू नये म्हणून काय भरायचं, पिनकोड काय, हे सगळं चार दिवसांत झालं. चार महिन्यांत झालं नव्हतं ते. तिनं खोका उघडल्याचा फोटो तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि आणखी पाच जणींनी दर विचारला. वेबसाइट अजून बंदच होती. सगळं व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगवर चाललं, आणि पहिली दोन वर्षं त्यावरच निभावलं.

म्हणून माझा सल्ला उलटा वाटेल: आधी ऑर्डर घ्या, मग दुकान पुरं करा. पूर्ण पैसे घ्यायला संकोच वाटत असेल तर निम्मे घ्या. पण काहीतरी घ्या आणि तारीख सांगा. नुसतं ‘हो, घेईन की’ म्हणणारा माणूस वाट बघत नसतो, तो सभ्यपणा करत असतो. आणि जे तुम्हाला खरंच जमणार आहे त्याचेच पैसे घ्या. तारीख चुकणार असं दिसलं तर आदल्या दिवशी फोन करून पैसे परत करायचे. मी दोनदा केले आहेत. दोन्ही गिऱ्हाइकं अजून टिकून आहेत.

माझं ऑर्डरचं काम नाही. यूट्यूब चॅनल आहे. तिथे कोण वाट बघणार?

आधी आकडे समोर ठेवू, कारण बहुतेकांचा धीर त्यांच्यापाशीच सुटतो. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं लागतं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज). ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. तुमचा व्हिडिओ माणूस सरासरी ४ मिनिटं पाहत असेल तर ६०,००० वेळा पाहिला गेला पाहिजे. आठवड्याला एक याप्रमाणे वर्षात ५० व्हिडिओ झाले, तर प्रत्येकाला १,२०० प्रेक्षक. हा आकडा ऐकल्यावर काहींचा चेहरा उतरतो, काहींचा खुलतो. मला तो आवाक्यातला वाटतो, पण ५० व्हिडिओ झाले तर.

‘मागच्या १२ महिन्यांत’ हे शब्द लोक वाचत नाहीत. जुने तास मोजणीतून गळत जातात. सहा महिने चॅनल सोडून दिलं की रांजणाला खाली भोक पडल्यासारखं होतं. माझं केळीचं चॅनल असंच रिकामं झालं.

वाट बघणारा इथेही मिळतो, फक्त तो शोधावा लागतो. आमच्यातला एक जण ठिबकावर व्हिडिओ करतो. ‘संपूर्ण ठिबक सिंचन, भाग १ ते २०’ अशी त्याची योजना होती. भाग ३ वर गाडी बंद पडली. मग सावद्याच्या एका शेतकऱ्यानं खाली विचारलं, ‘व्हेंच्युरीतून (ठिबकच्या पाण्यात खत मिसळायच्या नळीतून) खत सोडताना शेवटच्या ओळीला पोचत नाही, काय करू?’ त्यानं त्या एका माणसासाठी व्हिडिओ केला आणि ‘रविवारी टाकतो, दादा’ असं आधीच लिहून टाकलं. तेव्हापासून तो योजना करत नाही. विचारलेल्या प्रश्नांची एक वही ठेवतो आणि प्रत्येकाला वार देतो. शंभरावर व्हिडिओ झाले त्याचे.

जाता जाता एक: अ‍ॅडसेन्समध्ये, म्हणजे गूगलच्या जाहिरातींचे पैसे जमा होतात त्या खात्यात, १० डॉलर जमले की पत्त्याच्या पडताळणीसाठी पिनचं पत्र टपालानं येतं. खेड्यात पत्ता नीट लिहा आणि पोस्टमनकाकांना आधी सांगून ठेवा. आमच्या एकाचं पत्र त्याच्याच नावाच्या दुसऱ्या माणसाकडे गेलं, आणि त्यानं ते बँकेची नोटीस समजून फाडलं.

शेती आणि नोकरी सांभाळून रोज किती वेळ द्यावा?

किती, यापेक्षा कशानंतर, हे ठरवा. ‘रोज एक तास देईन’ हा संकल्प हवेत राहतो. ‘डेअरीवर दूध घालून आलो की ओट्यावर बसून दोन मेसेजना उत्तर देईन’ हा जमिनीवर असतो. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञानं १९९०च्या दशकात यावर बरंच काम केलं. ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं आधी बांधून घेतलेले लोक नुसतं ‘करीन’ म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा काम पार पाडतात, असं त्याला आढळलं. आपल्या घरात हे कोणी शिकवलेलं नसतं, पण चालू असतंच: दिवे लागले की देवापुढे उदबत्ती. आठ वाजले की नाही, दिवे लागले की.

वेळ ठरवताना खानदेश विसरू नका. बाहेरच्या सल्ल्यांत ‘रात्री नऊ ते अकरा’ असतं. इथे कृषिपंपाची वीज कधी रात्रीच्या पाळीत येते, मग माणूस नऊला शेतात असतो आणि बॅटरी हातात धरून पिकाला पाण्याची बारी फिरवत असतो. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की दुपारी डोकं चालत नाही, पत्र्याच्या खोलीत तर लॅपटॉपही नाही. मी उन्हाळ्यात पहाटे पाच ते साडेसहा बसतो. पावसाळ्यात वेळ वेगळी. हंगामाप्रमाणे वेळ बदलली म्हणून शिस्त मोडत नाही.

२१ दिवस केलं की सवय लागते म्हणतात. मला ४० दिवस झाले, अजून ओढूनताणून करतो. माझ्यात काही कमी आहे का?

नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत निघाला. ४० म्हणजे काहीच नाही. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही.

कानबाई (आमच्याकडचा श्रावणातला देवीचा सण) झाली, पोळा झाला, घरात दोन लग्नं झाली. तीन आठवडे हात लावला नाही. आता उघडायचीच भीती वाटते.

राहिलेलं भरून काढू नका. तीन आठवड्यांचे व्हिडिओ, तीन आठवड्यांची उत्तरं, हा डोंगर पाहूनच माणूस पळतो. आजचं एक करा. कानबाईला पाहुणे येणारच होते, रोट होणारच होते, ती काही अचानक आलेली आपत्ती नव्हे. पुढच्या वर्षी कॅलेंडरवर ते दिवस आधीच खोडून ठेवा आणि गिऱ्हाइकालाही सांगा.

एक छोटी युक्ती मला फार उपयोगी पडते. काम थांबवताना मी वहीत पुढची ओळ लिहून ठेवतो. ‘वेबसाइटचं काम’ अशी नाही, ‘उडीद पापडाचा अर्ध्या किलोचा दर टाकायचा’ अशी. तीन आठवड्यांनी वही उघडली तर विचार करावा लागत नाही.

एकाच वेळी तीन प्रोजेक्ट चालवले तर एखादं तरी लागेल ना?

सालगडी आखाजीला साल ठरवतो, आखाजी ते आखाजी, एका मालकाकडे. तिघांकडे साल ठरवलेला सालगडी कोणी पाहिलाय का? तुम्ही तुमच्याच कामाचे सालगडी आहात. एक ठरवा.

घरचे टोमणे मारतात. ‘मोबाइलवर बोटं फिरवून कुठे धंदा होतो का?’ याचं काय करू?

माझे वडील विचारायचे, ‘महिन्याला सुटतं किती?’ मला राग यायचा. मी त्यांना रीच, एंगेजमेंट, फॉलोअर असलं काहीबाही सांगायचो. पुढे कळलं की सगळ्या घरात नेमका प्रश्न त्यांचाच होता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून राग होता.

आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी वही त्यांच्यापुढे ठेवतो. कापूस विकल्यावर जशी पट्टी दाखवतात तशी: उडीद डाळ, ज्वारी, तेल, खोके, कुरियर, वहिनी आणि आईची मजुरी, आणि खाली काय उरलं. मजुरीचा रकाना आधी नव्हता. वडिलांनीच तो घालायला लावला. ‘बायांचे हात फुकटचे धरले तर हा धंदा नफ्यात दिसणारच,’ म्हणाले. तो रकाना घातल्यावर दोन वस्तूंचे दर वाढवावे लागले, एक वस्तू बंद करावी लागली, आणि वहिनीचा कामातला रस एकदम वाढला. टोमणे पूर्ण थांबले असं म्हणणार नाही. पण आता ते दराबद्दल असतात.

गावातल्या लोकांचं वेगळं. पारावर बसलेला प्रत्येक जण ‘काय भो, दुकान चाललं का?’ विचारतो. त्यावर माझा अनुभव असा की सुरू करण्याआधी गावभर सांगू नये. माझ्या टी-शर्टच्या दुकानाचं स्टेटस दोनशे जणांनी पाहिलं, साठ जणांनी अभिनंदन केलं, आणि त्या अभिनंदनानंच माझं पोट भरलं. एकही टी-शर्ट विकायच्या आत मी व्यापारी होऊन बसलो होतो.

मोटिव्हेशनचे व्हिडिओ आणि कोर्स यांचा उपयोग होतो का?

मी एका कोर्सला १४,९९९ रुपये घातले. शिकवणारा भाड्याच्या गाडीपुढे उभा राहून बोलायचा. ‘पसंत न पडल्यास पैसे परत’ असं लिहिलेलं होतं, ते परत मागितल्यावर ग्रुपमधून काढून टाकलं. चिडलो होतो तेव्हा, पण सगळा दोष त्याचा नव्हता. ते तीन महिने मला रोज काम केल्यासारखं वाटत होतं, आणि काम शून्य होतं. बियाण्याच्या दुकानात बाकावर बसून पीक येत नाही.

शिकणं वाईट नाही. कॅटलॉग कसा चढवायचा, कुरियरचं लेबल कसं काढायचं, हे पाहावंच लागतं. पण जे पाहिलं ते त्याच दिवशी करून बघायचं, नसेल करायचं तर पाहायचं नाही. हा नियम लावल्यावर माझं पाहणं आपोआपच एक दशांशावर आलं.

कागदपत्रांपाशी अडलोय. एफएसएसएआय, जीएसटी, पॅकिंगचे नियम. डोकं गरगरतं.

खाण्याची वस्तू विकायची तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवीच, घरगुती असली तरी. छोट्या उद्योगाला मूळ नोंदणी पुरते, ती ऑनलाइन होते, आणि तिचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. पाकिटावर वजन, किंमत, पॅकिंगची तारीख आणि तुमचा पत्ताही लागतो.

जीएसटीचं साधारण असं: महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते. पण माल परराज्यात पाठवायचा तर ही सूट धरून चालू नका, तिथे सहसा आधीच नोंदणी लागते. बऱ्हाणपूर आपल्याला शेजारचं वाटत असलं तरी ते मध्य प्रदेशात आहे, आणि सुरतचे नातेवाईक गुजरातेत. मोठ्या ऑनलाइन बाजारांवर विकायला पूर्वी जीएसटी नंबर लागायचाच. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला, राज्यातल्या राज्यात विकायचं असेल तर, नोंदणी क्रमांक घेऊन त्याशिवायही विकता येतं. तुमच्या बाबतीत काय बसतं ते सीएकडे एक दिवस बसून विचारा. एकच दिवस. आमच्या बैठकीत ‘जीएसटीमुळे अडलंय’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांनी अजून आपल्या वस्तूचा दरही ठरवलेला नसतो.

सहा महिने झाले, विक्री नाही. टिकून राहू की सोडून देऊ?

या प्रश्नावर आमच्याकडे कोणीतरी अमळनेरची गोष्ट काढतंच. विप्रो १९४५ मध्ये अमळनेरात वनस्पती तुपाच्या कारखान्यातून सुरू झाली, आणि बघा आज कुठे आहे, म्हणून टिकून राहा! गोष्ट खरी आहे, अर्थ मात्र उलटा काढला जातो. ती कंपनी तुपाला चिकटून बसली असती तर आज तिचं नाव जळगाव जिल्ह्याबाहेर किती जणांना माहीत असतं? तुपानंतर साबण आले, १९८०च्या सुमारास संगणक आले. टिकली ती कंपनी. वस्तू बदलत गेली.

मला आपल्या कपाशीचं उदाहरण जास्त पटतं. डिसेंबर-जानेवारीत कपाशी मोडायची वेळ येते. पण शेवटची चार बोंडं दिसत असतात, पाणी असतं, म्हणून माणूस फरदड ठेवतो, म्हणजे तीच कपाशी न मोडता पुढे चालू ठेवतो. त्या फरदडीवर गुलाबी बोंडअळी हंगामाबाहेरही पोसली जाते आणि पुढच्या वर्षीचं पीक खाते. कृषी खातं दरवर्षी ओरडून सांगतं, फरदड घेऊ नका. माझा सामान्य ज्ञानाचा ब्लॉग दोन वर्षं फरदड होता. महिन्याला शंभर-दीडशे रुपये यायचे, डोमेनचं नूतनीकरण त्याहून महाग पडायचं, आणि ‘आपलं एक काम चालू आहे’ या समाधानामुळे मी दुसरं काही सुरू करत नव्हतो.

पण मोडण्याआधी एक गोष्ट तपासा. अनोळखी वीस माणसांनी तुमची वस्तू आणि तिचा दर पाहून नाही म्हटलंय का? म्हटलं असेल तर वस्तू बदला, दर बदला, किंवा मोडा. आणि मुळात वीस माणसांनी पाहिलंच नसेल, तर सहा महिने झाले हे म्हणणं खरं नाही. तुमची पेरणीच व्हायची आहे. आमच्याकडे हा प्रश्न घेऊन आलेल्यांत दुसऱ्या प्रकारचेच जास्त निघतात.

मोडायची तारीख सुरुवातीलाच ठरवलेली बरी, डोकं थंड असताना. ‘दिवाळीपर्यंत ३० ऑर्डर नाही आल्या तर बंद’ असं लिहून घरातल्या कोणाला तरी दाखवून ठेवा.

बैठकीत नेमकं काय करता? आम्ही आमच्या गावात सुरू करू शकतो का?

करा की. परवानगी कसली? आमचा एकच नियम आहे. प्रत्येकानं गेल्या वेळी काय बोललो आणि काय झालं, एवढंच सांगायचं. ‘होत आलंय’ हे उत्तर चालत नाही. ज्याचं झालं नाही त्यानं चहा-भज्यांचे पैसे द्यायचे. एका ताईंनी सलग तीन वेळा भजी खाऊ घातली आणि चौथ्या वेळी पॅटर्न विकायला लावूनच आल्या. म्हणाल्या, तुमच्या भज्यांपेक्षा ते स्वस्त पडलं.

ऑर्डर येतात, पैसेही येतात, तरी कंटाळा येतो. हे कसं?

येतो. तिसऱ्या वर्षी मलाही आला होता. त्याच कुरडया, तेच खोके, तीच चिकटपट्टी. त्याच दिवसांत ठाण्याच्या एका आजींचा फोन आला, ‘बाळा, कुरडयांचा नुसता चुरा आलाय रे.’ मी पैसे परत करायला निघालो तर म्हणाल्या, ‘पैसे नकोत, पुढच्या वेळी सबंध पाठव. नातवाला तळताना फुललेली बघायचीय.’ महिनाभर मी जाड पुठ्ठा, कागदाच्या पट्ट्या, आडव्या थरांऐवजी उभे थर, असं करत खोके घराच्या ओट्यावरून खाली टाकून बघत होतो. वडील म्हणायचे, पोरगं आता खरंच बिघडलं. त्या महिन्यात कंटाळा आठवला नाही.

आणि तुमच्या त्या वेबसाइटचं काय झालं?

तिसऱ्या वर्षी सुरू झाली. वस्तू आहेत, दर आहेत, पैसे भरायची सोय आहे. ‘आमच्याविषयी’ हे पान मात्र अजून कोरं आहे. अजून कोणी मागितलं नाही.